दोघांचा शब्द आणि चार लोक : मध्ययुगीन इंग्रजी साहित्यातलं लग्न

सप्टेंबर 1469. इंग्लंडच्या पूर्वेकडचा नॉर्फोक परगणा आणि त्यातलं नॉरिच हे मोठं शहर. तिथल्या बिशपसमोर एक तरुण मुलगी उभी आहे, मार्जरी पॅस्टन. वकिली करून वर आलेल्या, जमीनजुमला राखून असलेल्या घरातली. तिने घरच्याच कारभाऱ्याशी, रिचर्ड कॅलशी, कुणालाही न सांगता लग्न केलंय आणि घरात नुसता आगडोंब उसळलाय.

बिशप आधी तिला तिचं कूळ, तिचे नातलग यांची आठवण करून देतो. मग मुद्द्यावर येतो : तू त्याच्याशी नेमके कोणते शब्द बोललीस? त्या शब्दांनी लग्न होतं की नाही, ते मला पाहायचंय. मार्जरी शब्द सांगते. आणि वर म्हणते, एवढ्याने ते पक्कं होत नसेल तर इथून निघायच्या आधी मी आणखी पक्कं करते, कारण शब्द कसेही असोत, माझ्या मनाने मी बांधलेली आहे.

नंतर रिचर्डला वेगळं बसवून विचारलं. कधी बोललात, कुठे बोललात. दोघांचं सांगणं जुळलं.

हे सगळं आपल्याला कळतं ते मार्जरीच्या आईच्या पत्रातून. मोठ्या मुलाला तिने घडलेलं सगळं कळवलंय, आणि मुलीला पुन्हा घराची पायरी चढू देणार नाही असंही. मार्जरीचा दुसरा भाऊ त्याच्या पत्रात म्हणतो की फ्रॅमलिंगहॅम गावात माझ्या बहिणीला मेणबत्त्या आणि मोहरी विकायला लावणाऱ्या माणसाला माझी संमती कधीच मिळणार नाही. रिचर्डचं घराणं किराणा व्यापाऱ्यांचं होतं, तेच त्याला टोचत होतं.

मध्ययुगीन इंग्रजी साहित्यात लग्नाकडे कसं पाहिलंय हे समजून घ्यायचं, तर मला या खोलीपासून सुरुवात करणं सगळ्यात बरं वाटतं. कारण त्या काळच्या कथाकवितांत लग्नावरून जी भांडणं चालतात, ती सगळी या एका प्रश्नाभोवती फिरतात : दोन माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाला किंमत किती, आणि बाकीच्यांच्या म्हणण्याला किती?

बिशपने शब्द का विचारले, ते आधी पाहू. पोप अलेक्झांडर तिसरा (कारकीर्द 1159 ते 1181) याच्या निवाड्यांमधून चर्चचा नियम पक्का झाला. लग्न होतं ते दोघांच्या संमतीने. 'मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो', 'मी तुला पती म्हणून स्वीकारते' असं वर्तमानकाळात म्हटलं, की लग्न झालं. 'स्वीकारेन' असं भविष्यकाळात म्हटलं तर तो वाङ्‌निश्चय, आणि त्यानंतर शरीरसंबंध आला की त्याचंही लग्न. क्रियापदाच्या काळावर माणसांचं आयुष्य ठरायचं. मुलीचं वय किमान 12, मुलाचं 14. पुरोहित, साक्षीदार, आईबाप, यांपैकी कुणीही हजर नसलं तरी लग्न खरं. असं चोरून लग्न करणं चर्चला मान्य नव्हतं. 1215 च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेने, तर आधी जाहीर घोषणा करण्याचा नियमच केला. चोरून लग्न करणाऱ्याला प्रायश्चित्त होतं, पण लग्न मोडत नव्हतं. इंग्लंडमध्ये ही मोकळीक कायद्याने थेट 1753 साली बंद झाली.

म्हणजे कागदावर पाहिलं तर त्या काळाचा इंग्रज तरुण किंवा तरुणी कमालीची स्वतंत्र. पण लग्नासोबत जमीन जाते-येते, हुंडा ठरतो, वारस जन्मतात. घरच्यांना हे स्वातंत्र्य परवडणारं नव्हतं. आणि इथे एक भयंकर गोष्ट घडते. संमतीशिवाय लग्न नाही, असं कायदा म्हणतो, मग संमती वदवून घेतली जाते. मार्जरीची आत्या एलिझाबेथ हिचं 1449 साली असंच चाललं होतं. स्टीफन स्क्रोप नावाचा, पन्नाशीच्या आसपासचा, आजाराने चेहरा विद्रूप झालेला विधुर तिच्यासाठी पाहिला होता. ती नाही म्हणत होती. एका नातलग बाईने लिहिलेलं पत्र आहे : हिला आठवड्यातून एकदा-दोनदा मार बसतो, कधी एका दिवसात दोनदा, आणि डोकं दोन-तीन ठिकाणी फुटलंय. तरी एलिझाबेथने तो शब्द तोंडातून काढला नाही. स्क्रोपशी तिचं लग्न झालं नाही.

त्या स्क्रोपचीही एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. लहानपणी त्याच्या सावत्र बापाने त्याचं पालकत्व, म्हणजे त्याचं लग्न ठरवायचा हक्क, पैसे घेऊन एका न्यायाधीशाला विकला होता. आपल्याला जनावरासारखं विकलं, असं तो पुढे आयुष्यभर म्हणत राहिला. सरंजामी व्यवस्थेत बाप वारलेल्या वारसाचं लग्न ही विकत घ्यायची मालमत्ता होती, मुलगा असो की मुलगी.

आता पुस्तकांकडे येऊ. पुस्तकं लिहिणारे बहुतेक धर्माच्या सेवेतले, म्हणजे लग्न न केलेले पुरुष. त्यांच्याकडे लग्नाचं एक गणित होतं. बायबलमधल्या पेरणीच्या दृष्टांतात बी कुठे शंभरपट उगवतं, कुठे साठपट, कुठे तीसपट. टीकाकारांनी अर्थ लावला : कौमार्याला शंभर, वैधव्याला साठ, लग्नाला तीस. लग्न पाप नाही, पण उतरंडीतलं खालचं मडकं.

या विचाराचं इंग्रजीतलं सगळ्यात ठसठशीत रूप म्हणजे 'हाली मैथहाड', पवित्र कौमार्य, हे 1200 च्या आगेमागे पश्चिम इंग्लंडमध्ये लिहिलेलं गद्य. लेखक अज्ञात. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत देवाला वाहून घेऊ पाहणाऱ्या तरुण मुली. लेखकाला त्यांना लग्नापासून परावृत्त करायचंय, आणि त्यासाठी तो धर्मशास्त्राबरोबरच एक घर दाखवतो. बाई बाहेरून आत येते, तर मूल किंचाळतंय. मांजर टांगलेल्या मांसाला लागलंय, कुत्रा कातडं कुरतडतोय. तव्याच्या दगडावर भाकरी करपतेय, वासरू सगळं दूध पिऊन टाकतंय, भांडं उतू जाऊन विस्तवात सांडतंय. आणि नवरा ओरडतोय.

आठशे वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात इतक्या जवळून नेणारं दुसरं काही मला आठवत नाही. लेखकाचा हेतू प्रचाराचा आहे हे उघड आहे. पण मुलींना घाबरवता घाबरवता त्याने बाईचे कष्ट खरे म्हणून नोंदवले. गरोदरपणात पिवळा पडलेला चेहरा, डोळ्यांखालची वर्तुळं, बाळंतपणाच्या कळा, हेही त्याच पुस्तकात आहे. लग्नाचं गुणगान करणारे हे सगळं गाळून पुढे जायचे.

आणि मग येतो चॉसर. जेफ्री चॉसर, मृत्यू 1400. 'कँटरबरी टेल्स' तो 1387 च्या सुमारास लिहायला लागला, आणि ते अपुरं राहिलं. यात्रेकरूंचा एक जथा लंडनहून कँटरबरीला निघालाय आणि वाटेत एकेक जण गोष्ट सांगतोय, अशी ही रचना. त्यांतल्या चार गोष्टी, बाथ गावची बाई, विद्यार्थी, व्यापारी आणि फ्रँकलिन (म्हणजे सधन जमीनदार) यांच्या, लग्नावर एकमेकांना उत्तर देतात, असं जॉर्ज किट्रेज या अमेरिकन अभ्यासकाने 1912 साली मांडलं. पुढे अनेकांनी याला हरकत घेतली, की चॉसरने असा गट आखलाच नव्हता. मला किट्रेजचं म्हणणं निदान वाचण्याची वाट म्हणून पटतं. लागोपाठ वाचा, मोठ्याने वाद चालल्यासारखा ऐकू येतो.

बाथची बाई म्हणजे ॲलिसन. कापड विणण्यात तरबेज, कानाने थोडी बहिरी, दातांत फट. बाराव्या वर्षापासून आजवर चर्चच्या दारात पाच नवरे केलेली. (तेव्हा लग्नाचे शब्द चर्चच्या दाराशी बोलायचे, मग आत जायचं.) ती बोलायला लागते तीच अशी : जगात कुठला ग्रंथाधार नसता तरी लग्नातल्या दुःखाबद्दल बोलायला माझा अनुभव पुरेसा आहे. त्या शंभर-साठ-तीसच्या गणिताला ती भाकरीने उत्तर देते. कुमारिका गव्हाची पांढरी भाकरी असतील, आम्ही बायका जवाची. पण जवाच्याच भाकरीने ख्रिस्ताने कितीतरी लोकांना तृप्त केलं!

पहिले तीन नवरे म्हातारे आणि पैसेवाले. चौथ्याने दुसरी बाई ठेवलेली. पाचवा जँकिन, ऑक्सफर्डला शिकलेला. तो वीस वर्षांचा, ही चाळीस. प्रेमापोटी तिने आपली सगळी जमीन त्याच्या नावे केली. त्या काळी विधवा बाई आपल्या मिळकतीची मालकीण असे आणि लग्न केलं की कारभार नवऱ्याकडे जाई. म्हणजे तिने काय देऊन टाकलं ते लक्षात घ्या.

जँकिनकडे एक जाडजूड पुस्तक आहे. दुष्ट बायकांच्या कथांचं, ईव्हपासून सगळ्यांचं. संत जेरोमसारख्या मोठ्या नावांची वचनं त्यात एकत्र बांधलेली. रोज रात्री शेकोटीशी बसून तो बायकोला त्यातलं वाचून दाखवतो आणि हसतो. ॲलिसन विचारते, सिंहाचं चित्र काढलं कुणी? माणूस सिंहाला मारतोय असं ते चित्र, आणि चित्रकार माणूस. बायकांनी जर गोष्टी लिहिल्या असत्या, तर पुरुषांचा दुष्टपणा लिहायला जागा पुरली नसती.

एका रात्री तिला राहवत नाही. ती पुस्तकातली तीन पानं टरकावते आणि जँकिनला असा ठोसा लगावते की तो शेकोटीत मागे पडतो. तो उठून तिच्या डोक्यात मारतो. ती मेल्यासारखी पडते, आणि तिचा तो कान कायमचा जातो. जँकिन घाबरतो. ती डोळे उघडून म्हणते, माझ्या जमिनीसाठी मारलंस का मला? तो गुडघे टेकून जवळ येतो, तर ती त्याला आणखी एक लगावते. मग कुठे तडजोड होते. घर, जमीन, त्याची जीभ आणि त्याचा हात, सगळ्याचा कारभार तिच्याकडे. आणि पुस्तक विस्तवात.

हे वाचून ॲलिसनला स्त्रीमुक्तीचा पहिला आवाज म्हणायचा मोह होतो. मी तो आवरते, कारण चॉसरने तिच्या तोंडी घातलेले बरेचसे शब्द त्याच जँकिनच्या पुस्तकातले आहेत. बायकांवर जे आरोप ते विद्वान करत, त्यांतले कितीतरी ती स्वतःच कबूल करते. तरीही कानावर बसलेल्या त्या माराचा आवाज त्या ओळींत आहे. कुणाच्या हातातली लेखणी, हा प्रश्न इंग्रजीत इतक्या स्पष्ट शब्दांत तिच्या तोंडून आला.

तिच्या नंतर, आणि तिला उद्देशून, ऑक्सफर्डचा विद्यार्थी ग्रिसेल्डाची गोष्ट सांगतो. मूळ कथा बोकाचिओची, तिचं लॅटिन रूप पेत्रार्कचं, चॉसरने ती त्याच्याकडून घेतली. इटलीतल्या सालुझोचा सरदार वॉल्टर गरीब जानिक्युलाच्या मुलीला, ग्रिसेल्डाला, मागणी घालतो. तिची संमती तो रीतसर घेतो, पण ती संमती अशी : रात्रंदिवस माझं ऐकशील, कपाळाला आठीसुद्धा पडू देणार नाहीस. ती हो म्हणते. एका होकारात पुढचे सगळे नकार गिळून टाकलेले. मग वॉल्टर तिची परीक्षा पाहायला लागतो. मुलगी हिरावून नेतो, मारली असं तिला वाटू देतो. पुढे मुलगाही. शेवटी दुसरं लग्न करायचं म्हणून तिला माहेरी हाकलतो.

मला ही गोष्ट दर वेळी वाचताना मध्ये थांबावं लागतं. तिने राजवस्त्रं उतरवलेली असतात. ती म्हणते, उघडी आले, उघडी जायला हवं. पण ज्या पोटात तुमची मुलं वाढली ते लोकांसमोर उघडं जाऊ नये, म्हणून एक अंगातली शमीज द्या, मी आणलेल्या आणि आता परत नेऊ न शकणाऱ्या कौमार्याच्या बदल्यात. अनवाणी, उघड्या डोक्याने ती चालत निघते, मागे लोक रडत चालतात. म्हातारा बाप तिचा जुना अंगरखा घेऊन धावतो, अंगावर घालायला बघतो, पण तो आता तिला येत नाही.

मग वॉल्टर तिलाच नव्या नवरीसाठी घर लावायला बोलावतो. ती येते, झाडलोट करते. नवरी बारा वर्षांची. तिला पाहून ग्रिसेल्डा एवढंच बोलते : हिला तसं छळू नका, ही लाडात वाढलीय, हिला सोसणार नाही. तिच्या तोंडून आलेली ही तक्रार, आणि तीही दुसरीसाठी. ती नवरी म्हणजे तिचीच मुलगी. सत्य कळल्यावर ती बेशुद्ध पडते, आणि दोन्ही मुलांना इतकं घट्ट धरून ठेवते की तिच्या मिठीतून ती सोडवता सोडवत नाहीत.

विद्यार्थी स्वतःच शेवटी सांगतो की बायकांनी ग्रिसेल्डासारखं वागावं म्हणून मी हे सांगत नाही, तसं वागणं असह्य आहे. देवाने पाठवलेल्या संकटात माणसाने स्थिर राहावं, एवढाच अर्थ. पण वॉल्टर देव नाही. चॉसरने मध्ये मध्ये त्याला स्पष्ट दोष दिलाय. आज्ञाधारक पत्नी हा त्या काळाचा आदर्श होता, आणि त्या काळच्या सगळ्यात मोठ्या कवीला तो आदर्श शेवटपर्यंत नेऊन पाहिल्यावर सहन झाला नाही, असं मी ते वाचते.

व्यापाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगते. जानेवारी नावाचा साठीचा म्हातारा मे नावाच्या तरुण मुलीशी लग्न करतो, पुढे आंधळा होतो, आणि ती त्याच्याच पाठीवर पाय देऊन प्रियकराला भेटायला नाशपातीच्या झाडावर चढते. जरठ-कुमारी विवाहावर तेव्हा पुष्कळांनी कोरडे ओढलेत. 'पिअर्स प्लाउमन' या त्याच काळच्या काव्यात कवी लँगलंडही पैशासाठी म्हाताऱ्याला मुलगी देणाऱ्यांवर चिडतो.

फ्रँकलिनच्या गोष्टीत मात्र वेगळंच लग्न आहे. आर्व्हेरागस आणि डोरिजेन एकमेकांना वचन देतात की कुणी कुणावर सत्ता गाजवायची नाही, कारण जबरदस्ती आली की प्रेम पंख पसरून उडून जातं. सहा शतकांपूर्वीची ही ओळ! पण आर्व्हेरागस एक अट ठेवतो. चार लोकांत मालकाचं नाव आपल्याकडेच असावं, नाहीतर त्याच्या दर्ज्याला कमीपणा येईल.

तो परदेशी असताना ऑरेलियस नावाचा तरुण डोरिजेनच्या मागे लागतो. नवऱ्याच्या गलबताच्या काळजीने तिला किनाऱ्यावरच्या काळ्या खडकांची धास्ती बसलीय. ती थट्टेत म्हणते, हे सगळे खडक नाहीसे कर, मग मी तुझी. ऑरेलियस हजार पौंड कबूल करून ऑर्लेआँच्या एका विद्वानाकडून खडक दिसेनासे करवतो. आता? परत आलेल्या नवऱ्याला ती सगळं सांगते. तो म्हणतो, दिलेला शब्द पाळायला हवा, जा. आणि रडायला लागतो. पुढच्याच ओळींत तो बजावतो की जिवंत असेपर्यंत हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर मरण. सत्ता गाजवणार नाही म्हणणाऱ्याचा हा हुकूम. तिची दशा पाहून ऑरेलियस तिला शब्दातून मोकळं करतो, विद्वान त्याला पैसे सोडतो, आणि फ्रँकलिन श्रोत्यांना विचारतो, यांत सगळ्यात उदार कोण? डोरिजेनचं नाव कुणी घ्यावं असं त्याला सुचत नाही. मला तिचंच घ्यावंसं वाटतं. मनातलं सगळं नवऱ्याला सांगणारी तीच एकटी.

सरदार आणि दुसऱ्याची बायको यांचं प्रेम, लान्सलॉट आणि राजा आर्थरची राणी ग्विनिव्हिअर, हे मध्ययुगाचं चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. टॉमस मॅलरीच्या आर्थरकथांच्या ग्रंथामुळे (छापला 1485 साली) ते इंग्रजीत अमर झालं. पण इंग्रजी अद्भुतकथांमधल्या पुष्कळशा प्रेमाचा शेवट लग्नात होतो. 'सर ऑर्फिओ'त तर राजा हरवलेल्या बायकोसाठी राज्य सोडून दहा वर्षं रानात राहतो.

शेवटी कथेतल्या नाही, खऱ्या जोडप्याकडे येते. लिन गावची मार्जरी केंप, जन्म 1373 च्या सुमारास. तिला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलेलं आत्मकथन दुसऱ्यांनी लिहून घेतलं, आणि त्याची एकमेव हस्तलिखित प्रत 1934 साली एका इंग्रज घरात सापडली. चौदा मुलं झाल्यावर तिला ब्रह्मचर्य पाळायचं होतं. चर्चच्या मते पतिपत्नींना एकमेकांच्या शरीराचं देणं लागतं. एकाने मागितलं तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे नवऱ्याने सोडल्याशिवाय तिची सुटका नव्हती.

1413 सालच्या जूनमधला शुक्रवार. ती आणि तिचा नवरा जॉन यॉर्कहून पायी परत येताहेत. कडक उन्हाळा. तिच्या हातात बिअरची बाटली, त्याच्या छातीशी कपड्यात खोचलेली पोळी. जॉन विचारतो, एखादा तलवार घेऊन आला आणि म्हणाला, बायकोशी पूर्वीसारखा संबंध ठेव नाहीतर तुझं डोकं उडवतो, तर तू काय करशील? ती म्हणते, तुम्हाला मारलेलं मी पाहीन, पण पुन्हा तसं नको. जॉन म्हणतो, तू चांगली बायको नाहीस. मग रस्त्याच्या कडेच्या क्रुसाखाली सौदा होतो. तिने त्याचं कर्ज फेडायचं आणि शुक्रवारचा उपास सोडून त्याच्यासोबत जेवायचं. त्याने तिचं शरीर तिला परत द्यायचं. दोघं प्रार्थना करतात आणि ती पोळी, ती बिअर वाटून घेतात.

पुढे लोकांनी बोट दाखवू नये म्हणून ते वेगळे राहू लागले. म्हातारपणी जॉन जिन्यावरून पडला, डोकं फुटलं, जखमांत कापडाच्या पाच वाती घालाव्या लागल्या. लोक म्हणाले, तो मेला तर हिला फाशी द्या, सोबत राहून काळजी घेतली असती. तिने त्याला घरी आणलं. तो काही वर्षं जगला, शेवटी लहान मुलासारखा झाला, शेकोटीशी किंवा ताटावर बसल्याजागी त्याला मलमूत्राचं भान राहीनासं झालं. तिने धुतलं, पिळलं, वाळत घातलं, सरपणाचा खर्च सोसला. प्रार्थनेला वेळ उरत नाही म्हणून ती कधी कधी वैतागायची. मग तिला आठवायचं की तरुणपणी याच शरीराची तिला किती ओढ होती, आणि ती पुन्हा उठून कामाला लागायची.